सासऱ्यांच्या पेटीतली पितळी वजनं: प्रत्येकावर 'तीन' का लिहिलंय?

फळा_आणि_खडू

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

आमची लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर खोली रिकामी करून द्यायची आहे, त्यामुळे गेले आठ दिवस मी आणि नवरा माळा उपसतोय. दहा बाय बाराच्या खोलीच्या माळ्यावर एवढं सामान कसं मावलं होतं, हा वेगळाच धागा होईल. परवा पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी, सासऱ्यांच्या धोतरात गुंडाळलेली एक लाकडी पेटी सापडली. पंजाएवढी. आत जांभळी मखमल, मखमलीत सहा गोल खळगे आणि पाच खळग्यांत पितळी चकत्या. सहावा खळगा रिकामा. बाजूला एक बारीक चिमटा, नखाएवढ्या पातळ पत्र्याचे काही चौकोनी तुकडे (त्यांवर ठोकलेले ठिपके), आणि झाकणात कागदात गुंडाळून कोंबलेला राजा छाप चांदीचा रुपया.

सासरे १९५४ ते १९८३ गिरणीजवळच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर गेले, दवाखाना गेला, सासरे जाऊनही वीस वर्षं झाली. विचारायला कुणी नाही.

माझा प्रश्न चकत्यांवरच्या खुणांचा (फोटो जोडलाय). तिघींवर चक्क आपला मराठी ३ कोरलाय! म्हणजे ३, आणि त्याच्या खाली एकीवर दोन उभ्या रेघा, एकीवर एक रेघ, तिसरीवर वेलांटीसारखं काहीतरी जोडअक्षर. उरलेल्या दोघींवर इंग्रजी छोटा 'ई' आरशात बघावा तसं चिन्ह. पेटीखाली एक वही होती, त्यातही पानोपानी हेच. औषधाचं नाव इंग्रजीत, पुढे ३, पुढे रेघा. तीन काय? तीन पुड्या? तीन चमचे? नवरा म्हणतो दिवसातून तीन वेळा. मग प्रत्येक औषध तीनदाच कसं?

घरी केकसाठी घेतलेला काटा आहे, तो एक ग्रॅमच्या खाली बघतच नाही. मोठी चकती ८ दाखवतो, बारकीला शून्य.

परळचा_पोपट

सोनाराची वजनं आहेत ताई. तोळा, मासा, गुंज. तीन म्हणजे तीन मासे. चोर बाजारात घेऊन जा, पितळेला बरा भाव आहे.

वाल_गुंज

पोपटराव, आमच्या घरात चार पिढ्या सोन्याचं काम आहे. माशा-गुंजेच्या वजनावर असल्या खुणा नसतात. ताई, विकू नका. कंपाउंडरची पेटी म्हणताय ना? मग औषधाची वजनं असणार. खलबत्ता काका येतील, ते सांगतील.

खलबत्ता

आलो. चष्मा पुसून फोटो दोनदा पाहिला.

ताई, तो ३ नाही. इथेच सगळा घोळ आहे, आणि तुमचा एकटीचा नाही. मी फार्मसीच्या मुलांना शिकवत होतो तेव्हा दरवर्षी मराठी माध्यमातून आलेलं एखादं पोर हीच चूक करायचं. ते ड्रामचं चिन्ह आहे. इंग्रजी झेडची शेपूट लांबवली की आपल्या तीनसारखं दिसतं, एवढंच. त्याच्याच डोक्यावर आणखी एक फटकारा मारला की औंस होतो. आणि आरशातला 'ई' म्हणजे स्क्रुपल.

हिशेब असा. सगळ्यात लहान वजन ग्रेन, साधारण ६५ मिलिग्रॅम. २० ग्रेनचा एक स्क्रुपल. ३ स्क्रुपलांचा एक ड्राम. ८ ड्रामांचा एक औंस. १२ औंसांचा औषधवाल्यांचा पौंड (किराण्याचा पौंड १६ औंसांचा, पण तो औंसही वेगळा, त्याच्या वाटेला जाऊ नका). म्हणजे औंसात २४ स्क्रुपल, पौंडात २८८. उभ्या रेघा हे रोमन आकडे. आणि ते वेलांटीचं जोडअक्षर म्हणजे दोन 'एस', लॅटिन 'सेमिस', अर्धा.

तेव्हा तुमच्या पेटीत दोन ड्राम, एक ड्राम, अर्धा ड्राम, एक स्क्रुपल, अर्धा स्क्रुपल आहेत. हरवलाय तो दोन स्क्रुपलचा. ठिपक्यांचे पत्रे ग्रेनचे आहेत, जितके ठिपके तितके ग्रेन. चिमटा त्यांच्यासाठीच. हाताने उचलले की घाम लागतो, आणि अर्ध्या ग्रेनला घामाचंही वजन जाणवतं.

नवऱ्याला सांगा, दिवसातून तीनदा असं लिहायचं तर डॉक्टर लॅटिनमध्ये 'टी.डी.एस.' लिहायचे. आता ती अक्षरं म्हटली की लोकांना पगारातून कापला जाणारा करच आठवतो.

आता रुपया. तो सासऱ्यांनी आठवण म्हणून ठेवला असेल असं तुम्हाला वाटलं असणार. असेलही. पण चांदीचा रुपया १८० ग्रेनचा असायचा, म्हणजे बरोबर एक तोळा. १८० ला ६० ने भागा. तीन ड्राम! पेटीत तीन ड्रामचं वजन नसतं, रुपया टाकला की झालं. 'रुपयाभार' हा शब्द उगाच नाही आला. तुमच्या सासऱ्यांच्या पेटीत खरा 'तीन' कुठे असेल तर तो त्या रुपयात आहे.

भारतात दशमान वजनांचा कायदा १९५६ चा, अंमल ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. पण दवाखान्यातल्या म्हाताऱ्या हाताला कायदा कळायला वेळ लागतो. अगदी आजही पॅरासिटामॉलच्या कुठल्या कुठल्या पाकिटावर ३२५ मिलिग्रॅम असा विचित्र आकडा असतो ना? पाच ग्रेन. पाव स्क्रुपल. आणि होमिओपॅथीच्या दुकानात जाऊन एक ड्रामची बाटली मागा, दुकानदार मान वर न करता काढून देईल.

फळा_आणि_खडू

काका, साष्टांग नमस्कार.

रात्री वही घेऊन बसले. पहिल्याच पानावर पोटाच्या मिक्श्चरमध्ये सोडा बायकार्ब, 'तीन', दोन रेघा. म्हणजे २ ड्राम, १२० ग्रेन. खाली 'सहा डोस' असं सासऱ्यांच्या अक्षरात. भागाकार केला, एका डोसाला २० ग्रेन. अख्खा एक स्क्रुपल! बाटलीवर दाते पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचे, एक दाता म्हणजे एक डोस, हे मला आठवतंय. माझ्या नवऱ्याचं लहानपण त्या पट्ट्या कातरण्यात गेलं. पण प्रत्येक दात्यामागे एक स्क्रुपल लपलेला होता हे त्याला पन्नास वर्षांनी कळलं.

आता पुढचा प्रश्न. मी महापालिकेच्या शाळेत आठवीला गणित शिकवते, त्यामुळे २४ आणि २८८ दिसले की हात शिवशिवतात. १० नाही, १०० नाही, हे बारा-बाराचं कुणी सुरू केलं? आणि स्क्रुपल हा शब्द कुठला?

खोटं_नाणं

हा माझा प्रांत. (बँकेतून निवृत्त. तीस वर्षं जुनी नाणी जमवतोय, त्यातली निम्मी बनावट निघाली, म्हणून हे नाव.)

स्क्रुपल रोमचा. लॅटिनमध्ये 'स्क्रुपुलम'. मूळ अर्थ बारीक, टोकदार खडा. चपलेत शिरला की चालू देत नाही तो. त्यावरूनच मनाला टोचणारी शंका असाही अर्थ त्या लोकांनी केला आणि इंग्रजीत तो आजवर टिकला. आपल्याकडे घासात खडा लागतो, त्यांच्याकडे चालताना. वजनाला हे नाव पडलं, कारण सगळ्यात बारीक तोलायचं तर ताजव्यात खडाच टाकणार.

रोमन पौंड म्हणजे 'लिब्रा'. सापडलेल्या वजनांवरून आणि नाण्यांवरून तो साधारण ३२७ ग्रॅमचा धरतात. त्याचे १२ भाग केले की 'उन्सिया', २७ ग्रॅमच्या आसपास. औंस आणि इंच दोन्ही शब्द या उन्सियाचीच पोरं. उन्सियाचे २४ भाग म्हणजे स्क्रुपुलम, सुमारे १.१४ ग्रॅम. आपल्या मापात एक मासा आणि वर जवळपास दीड गुंज. त्याच्याही खाली 'सिलिक्वा', स्क्रुपुलमचा सहावा भाग, कॅरोबच्या झाडाची एक बी. लिब्रात किती सिलिक्वा? २८८ गुणिले ६. बाई, तुमच्यासाठी: १७२८. बाराचा घन.

बारा का? कारण रोमन लोकांचे अपूर्णांकच बाराचे होते. कुठलीही अख्खी गोष्ट म्हणजे 'अस', आणि तिचे बारा वाटे. मृत्युपत्रातल्या हिश्श्यांनाही हीच नावं. अख्ख्याचा वारस, अर्ध्याचा वारस, एका उन्सियाचा वारस. पोरांना शाळेत घोकावं लागे. एका रोमन कवीने वर्गातला प्रसंग लिहून ठेवलाय: पाच उन्सियांतून एक काढली तर काय उरलं? पोरगं म्हणतं, एक तृतीयांश. आणि एक घातली असती तर? अर्धा. पहिल्या शतकाच्या आधीचा हा वर्ग आहे. तुमच्या आठवीत हे विचारून बघा.

बारालाच निम्मं, तिसरा, चौथा, सहावा सगळं नीट जातं. दहाचा तिसरा भाग करून दाखवा बरं ताजव्यावर.

नाण्यांकडे येतो (येणारच). कार्थेजच्या सेनापती हॅनिबलशी युद्ध चालू होतं, तिजोरीत चणचण होती, तेव्हा इसवीसनपूर्व २११ च्या सुमारास रोमने सोन्याची छोटी नाणी पाडली. एका बाजूला युद्धदेव मार्स, दुसऱ्या बाजूला गरुड. ६० असचं, ४० असचं आणि २० असचं (इथे अस म्हणजे रोमचं त्याच नावाचं नाणं). वजनं अनुक्रमे तीन, दोन आणि एक स्क्रुपुलम. म्हणजे तुमच्या पेटीतल्या आरशातल्या 'ई'ची ही सख्खी सोन्याची पणजी. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी, त्यानेही सोन्याचा भाव स्क्रुपुलममागे सांगितलाय, २० सेस्टर्स (हेही रोमन नाणं).

पाचशे वर्षांनी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 'सॉलिडस' हे सोन्याचं नाणं काढलं. एका लिब्रात ७२ सॉलिडस. २८८ भागिले ७२, म्हणजे एक सॉलिडस बरोबर चार स्क्रुपुलमचा. आणि चार स्क्रुपुलम म्हणजे २४ सिलिक्वा. शुद्ध सोनं २४ कॅरटचं का, हा प्रश्न कुणी विचारला तर आता उत्तर आहे तुमच्याकडे. बाकीचं वाल_गुंज सांगतील.

पण मला त्या राजाचा सगळ्यात आवडणारा कायदा वेगळाच आहे. इसवीसन ३२५. करात सोनं घेताना वसुली करणारा ताजवा कसा धरेल हे लिहून दिलंय: दोरीचं टोक दोन बोटांत धरायचं, उरलेली तीन बोटं मोकळी आणि दिसतील अशी ठेवायची, वजनाचं पारडं दाबायचं नाही, दोन्ही पारडी समपातळीत लोंबली पाहिजेत. सतराशे वर्षांपूर्वी सम्राटाला बोटं मोजावी लागत होती! भाजीवाल्याच्या काट्याखालचं चुंबक बघून कुणाला नवल वाटत असेल तर हे वाचा. पुढे ३६३ मध्ये सम्राट ज्युलियनने शहराशहरात सॉलिडसच्या भांडणांचा निकाल द्यायला एकेक तोलणारा अधिकारी नेमायला सांगितलं.

वजनं प्रमाणित करायची जागा म्हणजे देऊळ. काही वजनांवर कॅस्टर या देवाच्या देवळाचं नाव कोरलेलं सापडतं. काट्यांवर 'कॅपिटोलवर (रोमची देवळांची टेकडी) तपासलेला' असा शेरा असतो. शहराच्या अधिकाऱ्याचं नावही टाकत. सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू युनियस रुस्टिकस रोमचा नगराधिकारी होता, त्याच्या नावाची दगडी वजनं आहेत. राजाला तत्त्वज्ञान शिकवायचं आणि बाजाराला पौंड.

आणि एक, तुमच्या खोलीसाठी. स्क्रुपुलम जमिनीचंही माप होतं. 'युगेरम' म्हणजे रोमन एकर, २८,८०० चौरस रोमन फूट. त्याचा २८८ वा भाग १०० चौरस रोमन फूट, आपले साधारण ९४. दहा बाय बाराची खोली म्हणजे तुम्ही सगळे आयुष्यभर सव्वा स्क्रुपलमध्ये राहिलात.

फळा_आणि_खडू

सव्वा स्क्रुपलमध्ये सात माणसं आणि एक शिलाई मशीन. बिल्डरला हे माप सांगू का?

एक खटकतंय. काकांनी औंसात ८ ड्राम सांगितले, ड्रामात ३ स्क्रुपल. बारात आठ कुठून घुसले?

खोटं_नाणं

शाब्बास, बरोबर जागी बोट ठेवलंत. ड्राम म्हणजे ग्रीक द्राख्मा. वैद्यकी रोममध्ये ग्रीकांच्या हातात होती, त्यामुळे वैद्यांच्या तोंडी द्राख्मा आणि बाजाराच्या तोंडी दिनारियस, म्हणजे रोमचं चांदीचं नाणं. दोन्ही एकच वजन मानायची पद्धत पडली. पहिल्या शतकात वैद्यकावर लिहिणारा सेल्सस स्वच्छ लिहितो की उन्सियात सात दिनारियस. स्क्रिबोनियस लार्गस हा वैद्यही लिब्रात ८४ धरतो. सात गुणिले बारा, जमलं. सात ही मात्र तोलणाऱ्याची डोकेदुखी. त्याला ना अर्धा ना तिसरा.

मग इसवीसन ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने दिनारियस हलका केला. लिब्रात ९६. म्हणजे उन्सियात आठ. आणि २४ भागिले ८ म्हणजे एका नाण्यात नेमके तीन स्क्रुपुलम. चांदी वाचवायला केलेल्या काटछाटीने औषधवाल्यांचा हिशेब सुटसुटीत झाला, आणि तोच हिशेब लालबागपर्यंत आला. नीरोची एवढी एकच सोय मला माहीत आहे.

परळचा_पोपट

म्हणजे मी चोर बाजार म्हटलं आणि तुम्ही थेट रोमला पोचलात. मान्य, हरलो. पण खरं सांगा, आपला आणि त्या लोकांचा संबंध काय? इंग्रजांनी आणलेली पेटी, इंग्रजांबरोबर जायची ती आपल्याकडे राहिली.

खोटं_नाणं

विरार लोकलमध्ये बसता ना? नालासोपाऱ्यातलं सोपारा, कल्याण आणि चौल, ही तिन्ही बंदरं पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या टिपणात नावानिशी आहेत. तोच सांगतो की भडोचला रोमन सोन्या-चांदीचे दिनारियस चालतात आणि इथल्या पैशांशी बदलताना वर नफाही होतो. मिरी मात्र खालून, केरळातून जायची. प्लिनीने भाव दिलाय: काळी मिरी लिब्रामागे ४ दिनारियस, पांढरी ७, लांब पिंपळी १५. भारत दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स गिळतो, असंही तो करवादतो. पुढे ४०८ मध्ये गॉथ टोळ्यांचा राजा अलारिकने रोमला वेढा घातला तेव्हा खंडणीत ५,००० लिब्रा सोनं, ३०,००० लिब्रा चांदी आणि ३,००० लिब्रा मिरी मागितली. जवळजवळ एक टन मिरी! ती काय टायबरच्या काठी पिकली होती?

आणि तुम्ही बाजारात 'दाम' विचारता तो शब्द द्रम्मावरून, द्रम्म द्राख्मावरून. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत द्रम्म आहेत. म्हणजे दाम आणि पेटीतला ड्राम चुलतभाऊ. इंग्रजांची बोट यायच्या आधी हजार-दीड हजार वर्षं एक भाऊ येऊन इथे स्थायिक झाला होता.

फळा_आणि_खडू

हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. ८६ वर्षं, कान तिखट. लिब्रा म्हणजे पौंड एवढं म्हटलं आणि त्या म्हणाल्या, "पौंड कित्याक? रत्तल म्हण." मी विचारलं रत्तल म्हणजे नक्की किती, तर: "रत्तल म्हायत नाय तुका? आणि पोरांका गणित शिकवतंस!" त्यांच्या वेळी चहापत्ती रत्तलावर यायची.

खोटं_नाणं

आजींना माझा दंडवत सांगा. रत्तल हा अरबी 'रतल', तो ग्रीक 'लित्रा'वरून, आणि लित्रा ही लिब्राची सख्खी बहीण. इतका वेळ मी रोमवर भाषण झोडत होतो आणि लिब्रा तुमच्या स्वयंपाकघरात बसून चहा मोजत होती.

वाल_गुंज

माझ्यावर सोपवलेलं सांगतो. मी थोडक्यात सांगणारा माणूस.

आमच्याकडे ८ गुंजा म्हणजे मासा, १२ मासे म्हणजे तोळा. १८० ग्रेनच्या तोळ्याने गुंज येते साधारण ०.१२ ग्रॅम. रोमन सिलिक्वा ०.१९, दीड गुंजेच्या थोडी वर. कॅरट हा शब्द त्याच कॅरोबच्या बीच्या ग्रीक नावावरून, 'केरातिओन', म्हणजे छोटं शिंग. शेंग तशी दिसते. गंमत अशी की हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन, आता ०.२ ग्रॅम ठरलेलं, आणि सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धतेचा हिस्सा, चोवीसातले किती. गिऱ्हाईक रोज गल्लत करतं.

कॅरोबच्या बिया सगळ्या सारख्या वजनाच्या असतात, असं आम्हालाही सांगितलं होतं. २००६ मध्ये संशोधकांनी तोलून पाहिल्या, तर इतर झाडांच्या बियांइतक्याच कमीजास्त निघाल्या. मला नवल वाटलं नाही. आजोबा मूठभर गुंजांतून डोळ्याने निवडायचे. फुगीर नको, सुरकुतलेली नको, काळा डोळा नीट बसलेला हवा. बी सारखी नसते, नजर सारखी असते. (गुंज विषारी असते, पोरांच्या हातात देऊ नका.)

हल्ली झवेरी बाजारातही तोळा म्हटलं की १० ग्रॅम समजतात. खरा तोळा ११.६६. आजोबांच्या भाषेत हा दिवसाढवळ्या दरोडा.

ताई, शनिवारी पेटी घेऊन या. आमचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. चहा आमच्याकडून.

फळा_आणि_खडू

जाऊन आले. झवेरी बाजारात शनिवारी दुपारी शिरणं ही चूक होती, पण काट्यासमोर बसल्यावर विसरले.

काचेची पेटी असलेला काटा, दार लावायचं, कुणी श्वास सोडायचा नाही. दोन ड्राम: ७.७६. एक ड्राम: ३.८८. अर्धा ड्राम: १.९४. एक स्क्रुपल: १.२९. अर्धा: ०.६४. मी घरून कागदावर हिशेब करून नेला होता, सगळे एक-दोन शतांशांच्या आत! सत्तर वर्षं पितळ घासलं जाऊनही. राजा छाप रुपया ११.५७ भरला, तीन ड्रामपेक्षा दीडएक ग्रेनने कमी. वाल_गुंज दादा म्हणाले, एवढी झीज हातांची. किती पुड्या त्या रुपयाने तोलल्या असतील.

पण मग रोमन स्क्रुपल १.१४ आणि माझा १.२९, हे कसं?

खलबत्ता

मी सांगतो, हे माझ्या खात्यातलं. मध्ययुगात युरोपात गावागणिक पौंड बदलत गेला. इंग्लंडच्या औषधवाल्यांनी सोनं-चांदी तोलायचा ट्रॉय औंस धरला, तो ३१.१ ग्रॅमचा, रोमन उन्सियाहून जवळजवळ चार ग्रॅम भारी. भाग तेच ठेवले: बारा, आठ, तीन. त्यामुळे औंस फुगला तसा आतला प्रत्येक तुकडाही फुगला. माणूस जाडा झाला की बोटंही जाडी होतात, पण बोटं पाचच राहतात.

शिकवताना मी पोरांना हेच बजावायचो. जुन्या पुस्तकात 'एक स्क्रुपल' वाचलंत तर आधी विचारा, कुणाचा? पॅरिसचा, व्हिएन्नाचा, लंडनचा? अफू असेल तर हा प्रश्न जिवाचा असतो.

तुमच्या सासऱ्यांच्या हाताला मानलं. अर्ध्या स्क्रुपलची चकती तीस वर्षांत फार तर आठ मिलिग्रॅम झिजली. चिमट्याशिवाय उचललेली नाही ती.

फळा_आणि_खडू

काका, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पेटी मागून घेतली आणि बराच वेळ मांडीवर ठेवली.

आणि हो, सहावा खळगा भरला.

शुक्रवारी रात्री देव्हारा आवरत होते. लक्ष्मीपूजनाच्या नाण्यांची डबी आहे आमची. भोकाचा पैसा, दोन-चार राणी छाप पैसे, चांदीचं एक नाणं, सगळं हळद-कुंकवाने माखलेलं. त्यात एक पितळी चकती. नखाने जरा खरवडलं तर आरशातला 'ई', खाली दोन रेघा. सासूबाई म्हणाल्या, "तां जुनां नाणां. ह्येंनी माका दिल्यानी होतां. लक्ष्मी म्हणान पूजतंय." कधी दिलं, का दिलं, त्यांना आठवत नाही. लग्नाच्या पहिल्या दिवाळीला असावं, असं त्यांना वाटतं. म्हणजे सासरे पुढची सगळी वर्षं दोन स्क्रुपल तोलायला अर्धा ड्राम आणि अर्धा स्क्रुपल जुळवत बसले असणार, की ठिपक्यांचे पत्रे लावत असणार, कोण जाणे. आणि आम्ही दर दिवाळीला दोन स्क्रुपलना ओवाळलं.

ती चकतीही शनिवारी नेली होती. सगळ्यात शेवटी काट्यावर ठेवली. हिशेबाने २.५९ यायला हवे, आले २.६४. दादांनी कापडाने पुसू का म्हणून विचारलं. नको म्हटलं. वरचे पाच शतांश कुंकवाचे आहेत.